पोटातल्या वायूला फार घाण वास येतो: आबांसाठी विचारतेय

गिरणाकाठची (भडगाव)

नमस्कार मंडळी. या विषयावर घरात कुणी धड बोलत नाही, म्हणून इथे लिहितेय. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. वारा तर सगळ्यांचाच सरतो, त्यात नवल नाही. पण दिवाळीनंतर त्यांच्या वायूला सडक्या अंड्यासारखा उग्र वास यायला लागलाय. आता ते भजनाला जात नाहीत, लग्नाच्या पंगतीला नको म्हणतात. नातवंडं नाक धरून पळतात, त्यावर ते हसतात. पण हल्ली ताटात अर्धीच भाकरी घेतात, भाजी-वरण बाजूला सारतात. ते बघून मला फार वाईट वाटतं.

मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी' कित्येक वर्षांपासून घेतात. खाणं आपलं नेहमीचंच. दादरची (रब्बी ज्वारीची) नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वरण, थंडीत भरीत, आठवड्यात एकदा शेवभाजी. रात्री कपभर दूध. वास नेमका कशामुळे येतो, आणि घरात काय बदलावं? अनुभव असेल त्यांनी मोकळेपणानं सांगा.

पांझराकिनारा (धुळे)

ताई, आबास्ले सांगा, यामा लाजानं काही नई. आमच्या वडिलांचंही असंच होतं. जेवणानंतर ओवा आणि सैंधव चघळायचे, वरणाला हिंगाची फोडणी ठरलेली. त्यांना हिंगाष्टक चूर्णानं बरं वाटायचं. पहिल्या घासाबरोबर तूप घालून घ्यायचे.

केळीबाग (रावेर)

रात्रीचं दूध बंद करून बघा आधी. माझ्या आईला पन्नाशीनंतर दूध पचेनासं झालं. दूध घेतलं की पहाटे पोट गुडगुडायचं, गुबारा धरायचा आणि वासही यायचा. दूध सुटलं तसं पुष्कळ कमी झालं. दही-ताक मात्र आजही खाते, त्याचा काही त्रास नाही.

सातपुडा_पायथा (शहादा)

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथे तपासल्याशिवाय निदान होणार नाही, पण विचार कसा करायचा ते सविस्तर लिहितो. हा प्रश्न माझ्याकडे येणारे रुग्ण नेहमी सगळ्यात शेवटी, दारात उभं राहून विचारतात.

निरोगी माणसाच्या आतड्यातून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो, दहा ते वीस वेळा. त्यातला ९९ टक्क्यांहून जास्त भाग नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडा ऑक्सिजन आणि काही लोकांत मिथेन. यातल्या एकालाही वास नसतो. वास येतो तो उरलेल्या एक टक्क्याच्याही आतल्या गंधकाच्या वायूंचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, मिथेनथायोल आणि डायमिथाइल सल्फाइड यांचा. १९९८ साली अमेरिकेत मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना घेवडा आणि लॅक्टुलोज ही न पचणारी साखर खायला देऊन त्यांचे वायू गोळा केले, मोजले आणि परीक्षकांना हुंगायला दिले. वासाची तीव्रता गंधकाच्या वायूंबरोबर, त्यातही हायड्रोजन सल्फाइडबरोबर वाढत होती.

म्हणून पहिली गोष्ट ही की वायू जास्त होणं आणि वायूला घाण वास येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डाळी, कडधान्यं, कांदा, गहू यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड सुटतो. पोट फुगतं, आवाज होतो, पण वास फारसा नसतो. वास वाढतो तो गंधक असलेलं अन्न जंतूंच्या हाती लागलं की. अंडी, मांस, मासे आणि दूध यांच्या प्रथिनांत सिस्टीन आणि मेथिओनिन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं असतात. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांत गंधकाची संयुगं असतात, लसूण-कांद्यातही. आणि मल आतड्यात जितका रेंगाळेल तितका जंतूंना वेळ मिळतो. वयस्कर माणसात बद्धकोष्ठ हे अगदी नेहमीचं आणि नेहमी दुर्लक्षित राहणारं कारण आहे.

दुसरी गोष्ट त्या सकाळच्या गोळीची. ती बहुतेक पँटोप्राझोल किंवा त्याच जातीची असणार. ती जठरातलं आम्ल कमी करते. छातीत जळजळ, करपट ढेकर यांवर ती चांगली आहे. मोठ्या आतड्यात तयार होणाऱ्या वायूवर तिचा काही परिणाम नाही. उलट वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवलं तर लहान आतड्यात नको तितके जंतू वाढू शकतात आणि फुगारा वाढतो. लगेच बंद करू नका, एकदम सोडली की काही दिवस जळजळ उसळते. पण तिची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता मला हे सांगा. दिवाळीच्या आसपास एखादी गोळी नवी सुरू झाली किंवा बदलली का? मधुमेहाच्या गोळ्यांची नावं काय? शौच रोज होतं का, कुंथावं लागतं का? मल तेलकट, पांढुरका, पाण्यावर तरंगणारा असतो का? वजन उतरलंय का? मलात रक्त, काळपट मल, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही आहे का?

भुसावळ_जंक्शन

आबांचं नाही, माझं विचारतो. वय २३, जिम सुरू केल्यापासून रोज सहा अंडी आणि प्रोटीन पावडर. रूममेट वैतागलेत. डॉक्टरसाहेब म्हणतात तेच कारण असावं का? शुगर-फ्री च्युइंगमही दिवसभर चालू असतं.

सातपुडा_पायथा (शहादा)

तिन्ही गोष्टी जुळतात. अंड्यातून गंधक, स्वस्त व्हे पावडरीत लॅक्टोज (दुधातली साखर), आणि शुगर-फ्री गममध्ये सॉर्बिटॉल, जो पूर्ण पचत नाही. शिवाय गम चघळताना हवा गिळली जाते. गम सोडा. पावडर हवीच असेल तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज नगण्य असतं. आणि नुसत्या प्रथिनांवर राहू नका. भाकरी, फळं, भाज्या यांचा चोथा आणि पिष्ट मोठ्या आतड्यात पोचलं की जंतू ते आधी खातात, प्रथिनं कुजवणं कमी होतं.

तापीतीर (चोपडा)

एवढा खटाटोप कशाला? गहू आणि डाळी पूर्ण बंद करा, महिनाभरात पोट सपाट. मी केलंय.

सुगरण_खान्देश (जळगाव)

तापीतीर, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण ६८ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या ताटातून डाळ काढायचा सल्ला मला पटत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरात प्रथिनं येतात कुठून? मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माणसं घाबरून एकेक पदार्थ सोडत जातात, शेवटी चहा-बिस्किटावर येतात आणि हातापायातली ताकद जाते. आबांनी अर्धी भाकरी करणं मला त्या वासापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

गहू बंद करण्याबद्दल आणखी एक. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिॲक आजार असेल तर तो रक्ताच्या तपासणीत दिसतो, पण माणूस गहू खात असेल तरच. आधीच गहू सोडला तर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून शंका असेल तर आधी रक्त द्या, मग गहू सोडा.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. पदार्थ तोडण्यापेक्षा करण्याची रीत बदलली तर खूप फरक पडतो.

फुगवणाऱ्या शर्करा म्हणजे रॅफिनोज आणि स्टॅकिओज. त्या पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, म्हणून कडधान्यानं वायू होणं यात आजार काही नाही. या शर्करा पाण्यात उतरतात. मठ, चवळी, हरभरा, अख्खे उडीद रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर आणखी कमी होतात, कारण उगवणारं बी त्याच शर्करा वापरतं. सोडा घालून शिजवायची सवय मात्र सोडा, थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि रक्तदाबवाल्यांना सोडियम वाढतं ते वेगळं.

कळण्याच्या भाकरीचं गणित वेगळं आहे. तिथे उडीद सालासकट कोरडेच दळले जातात, भिजणं नाही की पाणी फेकणं नाही. उडदातलं जे काही आहे ते सगळं पिठात राहतं. ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी उडीद निम्मे करा किंवा काही दिवस नुसत्या दादरची भाकरी द्या. दादर पोटाला सोसते. वरणासाठी उडीद-हरभऱ्याऐवजी मुगाची डाळ, पातळ आणि नीट शिजलेली.

बट्टीच्या दिवशी गहू, तूरडाळ आणि तूप तिन्ही भरपूर, आणि जेवण होतं दुपारी उशिरा. मग माणूस तसाच आडवा होतो. दोन बट्ट्या कमी खाव्यात, नंतर मळ्यात चक्कर मारावी. चालण्यानं अडकलेला वायू पुढे सरकतो.

शेवभाजीत बेसनाची शेव, वर कांदा-खोबरं-लसणाचं वाटण आणि तेलाचा तवंग. रात्री उशिरा खाल्ली तर दुसऱ्या दिवशी पोट बोलणारच. आवडते तर दुपारी खा, वाटीभर.

एकदाच सगळं बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आधी फक्त दूध दोन आठवडे बंद. फरक नसेल तर दूध परत चालू, मग पुढचं. एका वहीत खाणं, शौच आणि त्रास लिहीत जा. आणि कडधान्यं पूर्ण सोडलेली असतील तर परत सुरू करताना दोन चमच्यांपासून सुरुवात करा. काही आठवड्यांत आतडं सरावतं, वायू आपोआप कमी होतो.

तापीतीर (चोपडा)

तपासणीचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

गिरणाकाठची (भडगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांजवळ बसून एकेक प्रश्न विचारला. आधी टाळत होते, मग त्यांनी स्वतःच मोबाईल घेऊन तुमचे प्रतिसाद वाचले.

डॉक्टरसाहेब, मेटफॉर्मिन जुनीच आहे. दिवाळीच्या आधी साखर वाढली म्हणून व्होग्लिबोज जोडली, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. शौच दोन-तीन दिवसांनी, कडक. शेतात जाताना पाणी कमी पितात, मध्येच उठावं लागू नये म्हणून. रक्त नाही, ताप नाही. मल तेलकट नाही म्हणतात. वजनाचं नक्की सांगता येत नाही, पण सदरा ढिला झालाय हे मला दिसतं. दूध मी आजपासून थांबवलंय.

सातपुडा_पायथा (शहादा)

व्होग्लिबोज पिष्टाचं पचन मुद्दाम लांबवते, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. पण न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे आंबतं. वायू हा त्या गोळीचा सगळ्यात नेहमीचा दुष्परिणाम आहे. मेटफॉर्मिननंही काहींना होतो, तिची हळूहळू विरघळणारी गोळी जास्त सोसते. तरी घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना तारखेसकट सांगा, पर्याय आहेत.

याच निमित्तानं एक सांगून ठेवतो, फार थोड्या घरांत माहीत असतं. व्होग्लिबोज किंवा त्याच जातीची अकार्बोज घेणाऱ्याची साखर अचानक उतरली, घाम-थरथर सुटली, तर नेहमीची साखर किंवा गूळ देऊन लवकर फरक पडत नाही, कारण त्यांचं पचनच गोळीनं अडवलेलं असतं. घरात ग्लुकोजची पावडर ठेवा, तीच द्या.

बद्धकोष्ठाकडे मी इथे सगळ्यात आधी बघेन. आतड्यात तीन दिवस राहिलेला मल आणि त्यावर काम करणारे जंतू, एवढंही वासाला पुरेसं आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पाणी मुद्दाम कमी पिणं मूत्रपिंडालाही घातक. इसबगोल एक चमचा, ग्लासभर पाण्यात, वर आणखी पाणी. पाण्याशिवाय इसबगोल घेतलं तर उलटं अडकतं. सोनामुखीची चूर्णं महिनोनमहिने नकोत. सकाळी चहानंतर दहा मिनिटं शौचाला शांत बसू द्या, त्या वेळी आतडं आपणहून हालतं.

सदरा ढिला झालाय हे मात्र मी सोडणार नाही. ते कमी खाण्यामुळेही असेल, साखर वाढल्यामुळेही. पण या वयात नव्यानं सुरू झालेली पोटाची तक्रार, नवं बद्धकोष्ठ आणि वजन उतरणं एकत्र आलं की तपासायचं असतं. वजन करून लिहून ठेवा. हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, मलाची तपासणी आणि सिलिॲकची रक्त तपासणी हे पहिलं पाऊल. रक्त कमी निघालं किंवा मलात लपलेलं रक्त सापडलं तर दुर्बिणीनं मोठं आतडं बघावंच लागतं. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून सुरुवात करता येईल.

आदिवासी_पट्टा (धडगाव)

मी आश्रमशाळेतल्या मुलांसोबत काम करते, म्हणून वेगळं कारण सांगते. पावसाळ्यात झऱ्याचं-विहिरीचं पाणी प्यायलेल्या मुलांत सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर, तसाच वायू आणि घाण वासाचे, चिकट, पिवळसर जुलाब दिसतात. जिआर्डिया नावाचा परजीवी असतो. तो मलात रोज सापडत नाही, म्हणून एक नमुना ठीक आला तरी वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यायला सांगतात. औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं. क्लोरीनला त्याचे कोश बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पाणी खळखळ उकळून एक मिनिट उकळी टिकवायची. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन यात खुंटतं, तेव्हा "पोट बिघडलंय" म्हणून सोडू नका.

पांझराकिनारा (धुळे)

एक विनंती. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नका. मधुमेही माणसाला हृदयविकारात दुखत नाहीही, नुसता अस्वस्थपणा आणि धाप. आमच्या गल्लीत असाच एक चांगला माणूस गेला. लगेच दवाखाना गाठा.

सातपुडा_पायथा (शहादा)

अगदी बरोबर. त्याला जोडून: पोट टम्म फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारा-शौच दोन्ही बंद, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेही त्याच दिवशी, त्याच तासाला.

केळीबाग (रावेर)

सिमेथिकोनच्या गोळ्या, कोळशाच्या कॅप्सूल मेडिकलवाले देतात, त्यांचं काय?

सातपुडा_पायथा (शहादा)

सिमेथिकोन बुडबुडे फोडतं, वासाचं काही करत नाही. कोळशाचा उपयोग काहींना होतो, काहींना नाही, पण तो इतर गोळ्याही शोषून घेतो, म्हणून मधुमेह-रक्तदाबाच्या औषधांबरोबर नकोच. कडधान्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे पाचकद्रव्य मिळतं, ते फुगारा कमी करतं. ओवा-हिंगानं कुणाला बरं वाटत असेल तर जरूर घ्यावं. चूर्णात मीठ किती ते तेवढं बघावं.

गिरणाकाठची (भडगाव)

परवा आबांना घेऊन जातेय. गोळीची तारीख, वजन, सगळं चिठ्ठीवर लिहिलंय. सुगरणताई, एक शेवटचं. रविवारी मळ्यात भरताचा बेत आहे, सगळं भावकीचं जमणार. आबांना यायचंय, पण घाबरताहेत. वांगी, कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, वर कळण्याच्या पुऱ्या. त्यांच्यासाठी काय करू?

सुगरण_खान्देश (जळगाव)

त्यांना घेऊनच जा. वांग्याचा काही त्रास नाही, काडीवर भाजलेलं भरताचं वांगं उलट मऊ आणि हलकं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बेलाशक घाला. फुगवणारी फ्रुक्टान ही शर्करा खालच्या पांढऱ्या गड्ड्यात असते, तेवढा आबांच्या वाट्यातून वगळा. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात तांबूस होऊ द्या, मग काढून टाका आणि त्याच तेलात मिरची परता. चव सगळी येते. शेंगदाणे मूठभर चालतील.

त्यांच्यापुरती दादरची भाकरी घरून बांधून न्या, पुरी एखादी चवीला. मुळा आणि कच्चा कांदा त्यांच्या ताटात वाढू नका. ताक पातळ, जिरं घालून. व्होग्लिबोज चालू असेल तर पहिल्या घासाबरोबर द्यायला विसरू नका. आणि मळ्यात पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवा, आडोसा जवळ आहे हे आधीच दाखवून ठेवा, म्हणजे ते पाणी पितील.